वीतभर आखूड टेबल

"वीतभर कमी भरतंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी टेप पुन्हा एकदा टेबलाच्या काठाला लावली.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून तेवढंच आहे."

"आणि मधली ही रेघ?"

"खडूची. कापडावर मारतो तोच खडू. दिवसभरात पुसली जाते, संध्याकाळी परत मारतो."

साहेब बिचारे चक्रावले होते. वस्तीतल्या लहानसहान क्लबांना मदत करायची एक सरकारी योजना त्यांच्याकडे होती आणि डबघाईला आलेल्या छोट्या धंद्यांना हात द्यायची दुसरी. मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाचं नाव दोन्हीकडे आलं होतं. प्रत्यक्ष येऊन पाहावं तर खोली एक आणि टेबलही एकच. दिवसा त्यावर कापड कापलं जाई आणि संध्याकाळी टेबल टेनिस चाले.

"मग मी याला दुकान समजू की क्लब?"

"दोन्ही समजा की."

"समजलो असतो हो मास्तर. पण एका जागेला एकच मदत मिळते. खेळाची घेतलीत तर नवं टेबल, दिवे, खोलीचं भाडं, सगळं मिळेल. मात्र इथं दुसरं काही करायचं नाही. धंद्याची घेतलीत तर नवी मशिनं येतील, पण संध्याकाळचा खेळ बंद. आणि काहीच घेतलं नाहीत, तर..." साहेबांनी रिकाम्या हँगरांकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

ते पुरं करायची गरजही नव्हती. तयार कपड्यांची दुकानं झाल्यापासून माप द्यायला कोण येतंय? उसवलेली शिवण नाहीतर लांब झालेली पँट, एवढ्यावर दुकान कसंबसं तग धरून होतं.

"खेळाची लिहा," मास्तर म्हणाले. विचार करायला म्हणून त्यांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. मागं वळून तर मुळीच पाहिलं नाही. मागं खिडकीपाशी काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोची, काकूंची सुई तिथल्या तिथं थांबली.

हे सगळं एका मोकळ्या संध्याकाळी सुरू झालं होतं. कापडाचा गठ्ठा यायचा तो आला नाही आणि टेबल रिकामं पडलं. मास्तरांनी दोन इस्त्र्यांच्या मध्ये अस्तराची पट्टी ताणून बांधली, प्लायवूडच्या दोन बॅटी कापल्या आणि रस्त्यात उंडारणाऱ्या दोन पोरांना हाक मारली. काकू तेव्हा नव्या नवऱ्याच्या प्रत्येक गोष्टीला हसायच्या. याही गोष्टीला हसल्या. तेवढंच त्यांचं चुकलं.

मग पोरं येतच राहिली. काडी आला, ढेकूण आला, डावखुरी आली. टेबल आखूड, त्यामुळे इथं शिकलेलं पोर कुठल्याही स्पर्धेत चेंडू जरा अलीकडेच टाकी. समोरचा मागं उभा राहून वाट बघे आणि चेंडू जाळीपाशीच संपे. 'टेलरची पोरं' म्हटलं की भले भले धास्ती घेत. मोठ्या टेबलावर सराव करा, असं कुणी सांगितलं तर मास्तर ऐटीत म्हणत, "आमची मापंच वेगळी."

चेंडू बटणांच्या डब्यात सापडत, कॉलरच्या गठ्ठ्यात सापडत. एकदा तर एका नवरदेवाच्या कोटात, खांद्याच्या गादीखाली एक चेंडू शिवला गेला आणि भर समारंभात त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर दिसू लागला. कोट उसवून देताना काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ते दिवसच तसे होते.

काकू रोज संध्याकाळी टाचण्या लावलेलं कापड जसंच्या तसं उचलून बाजूला ठेवत आणि सकाळी खाली पडलेल्या टाचण्या वेचत. मास्तर पोरांकडे बघत गेले, काकू दुकानाकडे. कात्री कधी मास्तरांच्या हातातून काकूंच्या हातात आली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. दुकानाचा परवानासुद्धा काकूंच्याच नावावर होता, कारण तो नव्यानं काढायच्या दिवशी मास्तर पोरांना घेऊन परगावी सामन्याला गेले होते.

साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "परवाना काकूंच्या नावावर आहे ना? मग होकार काकूंचा लागेल."

"ती काय, देईल की," मास्तर म्हणाले.

"जरा बाहेर चहा घेऊन येता का साहेब?" काकू म्हणाल्या. साहेब समजूतदार होते. लगेच उठले.

"तुम्ही मला विचारलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"त्यात विचारायचं काय? तुलाही आवडतोच की खेळ."

"मला? अहो, एक सामना तरी पुरता बघितलाय का मी? उजेड खिडकीत असतो. माझी पाठ असते तुमच्याकडे."

मास्तर चाचरत म्हणाले, "पण दुकान चालत नाही आता. दिसतंय ना तुला?"

"दुकान नाही चालत. माझे हात चालतात ना अजून? तुम्ही काय, पोरांना शिकवायला कुठंही जाल. तुम्हाला कुणीही बोलावील. मी ही कात्री घेऊन कुठं जाऊ?"

"पोरांना काय सांगू मी?"

"काकू नको म्हणाली म्हणून सांगा. आजवर तेच तर सांगत आलात."

साहेब परत आले तेव्हा काकूंनी त्यांना धंद्याची मदत लिहायला सांगितली.

शेवटच्या संध्याकाळी जुनी पोरं जमली. काडीला आता काडी म्हणवत नव्हतं, पोट सुटलं होतं. डावखुरी आपल्या मुलीला घेऊन आली होती. सगळ्यांनी कोटाची गोष्ट परत सांगितली, परत हसले, आणि निघताना एकेक जण काकूंच्या पाया पडला. कुणी वाकड्यात शिरलं असतं, चार शब्द बोललं असतं, तर काकूंना बरं वाटलं असतं. तसं कुणीच बोललं नाही. मास्तरांनी अस्तराची पट्टी सोडली, नीट घडी केली आणि काकूंच्या हातात न देता मशिनवर ठेवली.

त्यानंतर मास्तर विचारलं तेवढंच बोलू लागले. साहेबांनी आपल्या परीनं खटपट करून खेळाची मदत पलीकडच्या गल्लीतल्या शाळेला मिळवून दिली. तिथल्या हॉलमध्ये पुऱ्या मापाचं टेबल आलं आणि शिकवायला मास्तरांनाच बोलावणं आलं. मास्तर संध्याकाळी जात, येऊन जेवत आणि झोपत.

दुकानात नवी मशिनं बसली. दवाखान्यातल्या नर्सच्या कपड्यांचं काम आलं, मग शेजारच्या कारखान्यातल्या कामगारांचं. कापड आता रात्रभर टेबलावर राही आणि सकाळी टाचण्या जागच्या जागी असत. काकूंना याचा आनंद झाला. अगदी मनापासून झाला, आणि आनंद होतो म्हणून अपराध्यासारखंही वाटलं.

आणि एका संध्याकाळी, काम अगदी रंगात आलेलं असताना, काकूंना ती शांतता सोसवेना. जन्मभर ज्या टकटकीनं डोकं उठायचं, तिच्यासाठी आता कान आसुसले होते. त्यांनी मशीन बंद केलं, दुकानाला कुलूप लावलं आणि शाळेचा रस्ता धरला.

हॉलमध्ये लख्ख उजेड होता. काकू मागं दाराशीच उभ्या राहिल्या. डावखुरीची मुलगी खेळत होती. तिच्यासमोर एक थोराड मुलगा होता आणि तो तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पळवत होता. पोरगी हरणार हे दिसतच होतं, पण हार काही मानत नव्हती. एकदा ती पार कोपऱ्यात गेली, पडता पडता सावरली आणि कसा कोण जाणे, चेंडू परत टेबलावर आला. मुलानं तो शांतपणे मारला आणि पॉइंट घेतला. पण बाकावर बसलेल्या मास्तरांनी मांडीवर थाप मारली होती. कौतुकानं फुललेला चेहरा घेऊन ते कुणाला तरी सांगायला वळले आणि दारात काकू दिसल्या.

त्यांना राहवलं नाही.

"बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"बघितलं," काकू म्हणाल्या.

मास्तरांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर सरकून बसले.