वरचा एक

नीराबाई उपकार मोजायला बसली की पहिलं नाव एकवीरा आईचं घेते, दुसरं पनवेलच्या डॉक्टरीणबाईंचं आणि तिसरं अलिबागच्या भांडीवाल्या दिनानाथचं. देवी आणि डॉक्टर समजण्यासारखे आहेत. भांडीवाला त्या पंक्तीत कसा जाऊन बसला, ते मात्र सांगायला हवं.

नीराबाई थळच्या बाजारात मासळी विकते. काटा नाही, वजनं नाहीत. समोर फळीवर वाटे लावायचे आणि गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं. तिचे वाटे इतके सारखे की कोणता घ्यावा म्हणून माणूस उगाच घुटमळतं. भाव ठरला, वाटा पिशवीत गेला, की तिचा हात पुन्हा टोपलीत जातो आणि वर एक मासा पडतो. मागितला तरी पडतो, न मागितला तरी पडतो. ‘वर एक टाकल्याबिगर हात कसा काढायचा गो?’ असं ती विचारते आणि या प्रश्नाला थळमध्ये कोणाकडे उत्तर नाही. ही सवय तिच्या आईची, त्याआधी आजीची. या सवयीपायी कोणाचं वाईट झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

घरातही तोच हात. नवरा हरेश्वर होडीचा मालक. होडी किनाऱ्याला लागली की तो खलाशांना घेऊनच जेवायला येणार, त्यामुळे तिच्या स्वयंपाकघरातला सगळ्यात धाकटा टोप म्हणजे दुसऱ्यांच्या घरातला थोरला. प्रत्येकाच्या ताटात शेवटी एक तुकडी वरून पडायचीच. नको म्हणायची कोणाची छाती नव्हती.

या घरात मनाली वाढली. एकुलती एक लेक, नको म्हणायला कधी शिकलीच नाही. पुढे पनवेलच्या बँकेत लागली, लग्न झालं, आणि तिशी उलटायच्या आत साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास असं सगळं मागे लागलं. बँकेचा जिना चढताना ती मध्येच थांबून मोबाइल बघायचं सोंग करायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायचं ऑपरेशन सांगितलं, म्हणजे पोटातली अन्नाची पिशवीच कापून लहान करायची. नीराबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पण ऑपरेशनच्या दिवशी देवीपुढे जी बसली, ती लेक शुद्धीवर आल्याचा फोन येईपर्यंत हलली नाही. जावई सुजित जहाजावर होता, पनवेलच्या घरी बघायला कोणी नव्हतं, म्हणून मनाली विश्रांतीला माहेरी आली.

सुरुवातीचे दिवस निभावले. गाळलेलं सूप, पातळ पेज. पेजेवर वर एक काय टाकणार? खरी पंचाईत झाली ती मऊ अन्न सुरू झाल्यावर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चार चमचे, सावकाश, पोट भरलं की थांबायचं. नीराबाईनं ओले बोंबील घेतले, हळद-मीठ लावून आपल्या भल्या टोपात शिजवले, मधला काटा काढून कुस्करले. टोपाच्या तळाशी ते बिचारे कुठल्या कुठे दिसत होते. तिनं चार चमचे वाढले आणि हात थांबायच्या आत वर एक पडला. मनालीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेवढंही खाल्लं.

मग छातीत कळ आली. ती मोरीत जाऊन ओकली, घामानं भिजली, भिंतीला टेकून बसली. नीराबाई तिची पाठ चोळत रडत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी तर नीराबाईनं हात आवरला होता, निदान तिला तसं वाटलं होतं.

संध्याकाळी मनाली म्हणाली, “आये, मी पनवेलला जाते.”

“एकटी? आणि खाशील काय?”

“डब्यातली पावडर. दुधात घालून पिईन. तुझ्या हातानं मला कमी वाढता येत न्हाय, आणि मला तुला नको म्हणता येत न्हाय. असंच चाललं तर टाके उसवतील माझे.”

उभ्या गावाला जेवू घालणाऱ्या बाईला पोटची पोर सांगत होती की तुझ्या हातचं मला खाता येत नाही. नीराबाईला ते फार लागलं. रागही आला, आणि राग कोणावर काढायचा ते कळेना म्हणून तिनं टोप आपटला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “रविवारपर्यंत थांब. माझीच भांडी मोठी हायत. उद्या आपण बारकी भांडी आणू.”

दिनानाथचं दुकान म्हणजे अलिबागच्या बाजारातली एक चिंचोळी बोळकांडी, वरपर्यंत स्टील भरलेली. त्याला ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा तो जास्तच उत्साहात आला. बिनतेलाचं तळायचं यंत्र काढलं, दांड्याला कळ असलेली रवी काढली, सात कप्प्यांचा कुकर काढला. मनालीनं एकेक परत ठेवलं. तिनं घेतलं ते एवढंच. मिक्सरचं चटणीचं छोटं भांडं, कारण मोठ्यात चार चमचे फिरतच नाहीत, नुसते भिंतीला चिकटतात. एक इवलं इडलीपात्र, त्यात मासा उकडता येतो. बर्फाचा झाकणाचा ट्रे, म्हणजे सूप एकदाच करून गोठवायचं आणि लागेल तसा खडा काढायचा.

“बर्फ?” नीराबाई हसली. “तुझा बाबा लाद्यांनी बर्फ भरतो होडीत, आणि तू खडे जमव.”

मग मनालीनं स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला आणि नीराबाईचं हसू गेलं.

“मला काटा दाखवतेस? या हातानं वाटे लावते मी. कोणाची तक्रार न्हाय आजवर.”

“तक्रार कशी असंल, आये? जास्तच जातं ना.”

दिनानाथनं काटा गुपचूप पिशवीत सरकवला. पैसे देताना नीराबाईनं सवयीनं विचारलं, “दिनानाथशेट, वर काय देतोस?” बाजारात तिला कोणी वर काही दिल्याशिवाय सुटत नसे. दिनानाथनं इकडेतिकडे बघितलं, काउंटरखालून एक इवलीशी स्टीलची वाटी काढली आणि फडक्यानं पुसून पिशवीवर ठेवली.

“घ्या मावशी. बाळाच्या उष्टावणाला नेतात ती वाटी. एकच उरलीय.”

घरी आल्यावर मनालीनं काटा ओट्यावर मांडला, त्यावर नेहमीची वाटी ठेवली आणि म्हणाली, “वाढ. रोज वाढतेस तसंच.” नीराबाईनं इडलीपात्रात उकडलेले बोंबील कुस्करून चार चमचे वाढले. हात आवरला. वर काहीही टाकलं नाही, देवाशपथ.

काट्यावर सपाट चार चमच्यांच्या जवळपास दुप्पट आकडा होता.

“नवा हाय, बिघडला असंल,” ती म्हणाली. मनालीनं साखरेचं सीलबंद पाकीट ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता. नीराबाईनं पुन्हा वाढलं, पुन्हा तेच झालं. मग तिच्या ध्यानात आलं. वर टाकायला मनाई झाल्यापासून तिचा हात प्रत्येक चमच्यालाच शीग लावत होता. गिऱ्हाइकाला वर एक, आणि लेकीला चमच्याचमच्यावर वर एक. बाजारातले वाटे सारखे होते कारण ते परक्यांचे होते.

ती मटकन पाटावर बसली. “मनाली, माझा हात ऐकत न्हाय गो माझं,” असं म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. लेक जाणार, हे तिला त्या क्षणी पक्कं वाटलं.

मनालीनं पिशवीतून ती उष्टावणाची वाटी काढली, धुतली आणि आईपुढे ठेवली. “यात भर. तुला हवं तेवढं भर.”

नीराबाईनं एक चमचा घातला, दुसरा घातला, आणि वाटी भरली. हात सवयीनं पुन्हा गेला आणि वर एक टाकला. तो घसरून खाली ओट्यावर पडला. तिनं परत टाकून बघितला, परत पडला. वाटीला जागाच नव्हती. मनाली आधी गालात हसली, मग मोठ्यानं हसली, आणि टाक्यांवर हात दाबून म्हणाली, “आये, नको, हसवू नको.” नीराबाईनं ओट्यावरचा घास उचलून आपल्याच तोंडात टाकला. मग सुरीची पाठ वाटीच्या काठावरून फिरवून वरचं सपाट केलं.

मनाली सावकाश जेवली. एकेक घास, मध्ये थांबून. नीराबाई मोरीच्या दाराकडे बघत बसली होती. वाटी रिकामी झाली, अर्धा तास गेला, आणि मोरीकडे कोणालाच जावं लागलं नाही. तिनं वाटी घासली, कोरडी केली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. हरेश्वर म्हणाला, “भांडं हाय ते, देव न्हाय.” ती म्हणाली, “तुम्ही गप ऱ्हावा.”

रविवारी मनालीनं बॅग काढलीच नाही. नीराबाईनं मात्र पापलेटांचा वाटा बांधला, अलिबागला नेऊन दिनानाथच्या काउंटरवर ठेवला आणि वर दोन टाकली. कशाबद्दल म्हणून त्यानं विचारलं. “तुझ्या वरच्याबद्दल,” एवढंच ती म्हणाली. त्याला काही उमगलं नाही, पण पापलेट त्यानं परत दिली नाहीत.

पुढे मनाली बरी होऊन पनवेलला गेली. साखरेची गोळी सुटली, जिना एका दमात चढता येऊ लागला. बर्फाचा ट्रे आणि काटा तिनं नेला. वाटी मात्र माहेरीच राहिली, सुट्टीला आल्यावर जेवायला.

होळीला ती आली तेव्हा एसटीच्या थांब्यावरून चालत आली, दम न लागता, बॅग खांद्याला. नीराबाई दारात उभी राहून तिला येताना बघत होती आणि हात कधी जोडले गेले ते तिचं तिलाच कळलं नाही. दुपारी खलाशी जेवून उठले. मग तिनं देव्हाऱ्यातली वाटी काढली, बोंबलाचं घट्ट कालवण भरलं, सुरीची पाठ फिरवून सपाट केलं आणि मनालीपुढे ठेवून हात मागे घेतला. आता तो थांबायला शिकला होता.

मनालीनं वाटी संपवली. चाटूनपुसून. मग वाटी पुढे केली.

“आये, वर एक टाक.”

नीराबाईचा हात जागच्या जागी राहिला. “डॉक्टरीणबाई?”

“त्यांनीच सांगितलंय, आता थोडं वाढवायचं. टाक ना. भूक हाय.”

नीराबाईनं टोपातून एक तुकडी उचलली. मधला काटा काढून तिनं ती वाटीत ठेवली. इतकी वर्षं तिनं लेकीला न मागता वाढलं होतं. आज लेकीनं मागितलं होतं.