गायीच्या पुढ्यातले अक्रोड

हसनाबादेत रामकिसनएवढा संशयी माणूस दुसरा न्हाई. घरच्या म्हशीच्या दुधाला पण तो बोट लावून बघायचा, पाणी तर न्हाई पडलं म्हणून. अशा माणसाच्या ताटात सून अक्रोड वाढायला लागली, मंग काय विचारता! वर जवसाची चटणी, वाटीभर पालेभाजी, आणि साखर जवळजवळ बंदच. दिवाळीला खोबरं मोजून काढणारी शालू एवढी उदार झाली कशी?

एकदा ती परसात फोनवर बोलून राह्यली होती. रामकिसन भिंतीआड थांबला.

"वय झालं की मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायचं कमी करतेत, म्हणले डॉक्टर. खाण्यानं बरं न्हाई होत, पण उतरण धिमी पडू शकते. घरात सध्या कुणाला बोलू नका."

म्हणजे म्हातारा येडा झाला, असं ठरलं तर! आज डॉक्टर, उद्या तहसील, परवा जमीन भारतच्या नावावर. पोटचा पोरगा खरा, पण बायको म्हणंल तिकडं मान हलवणारा. रामकिसननं तिथल्या तिथं सगळे गट नंबर मनात म्हणून पाहिले. एकही चुकला न्हाई.

तो ओसरीवर जेवायचा, शेजारी गाय बांधलेली. त्या दिवसापासून शालूची पाठ फिरली की अक्रोड, चटणी, भाजी, सगळं गायीच्या पुढ्यात. ताट मात्र बोटानं निपटून ठेवायचा, कुणाला वहीम नको. दोन महिन्यांत गाय चांगली भरली.

एका सकाळी शालू ताट घेऊन आली ती समोरच बसली.

"मामा, ताटात थोडं मागं ठेवत जावा की."

"का? मोजून वाढलं काय?"

"आत्याबाईसाठी." तिनं आत वळून पाहिलं. "त्या तुमच्याच ताटात जेवतेत, तुमच्या मागून. वेगळं दिलं तर वाटी परत ठेवतेत. म्हणतेत, त्यांना लई आवडतं, ताट चाटूनपुसून ठेवतेत, त्यांनाच वाढ. म्हणून मी तुमच्या ताटात दोघांचं वाढते. डोळे दाखवायचे म्हणून जालन्याला नेलं ना त्यांना, ते डोळ्यासाठी नव्हतं. गिरणीतून येताना दोनदा घर चुकल्या त्या. तुमच्यापुढं झाकून नेतेत."

चव्वेचाळीस वर्षं त्याची बायको द्वारकाबाई त्याच्या मागून त्याच्याच ताटात जेवत आली, आणि त्यानं सारी जिंदगी घरातल्यांवर पहारा करण्यात घालवली. नजर होती, पण बायकोकडं न्हाई. रामकिसनला स्वतःची लई घाण वाटली.

"शालू, तिला बोलव. आत्ता."

द्वारकाबाई पदराला हात पुसत आली. त्यानं तिला शेजारी बसवलं, ताट दोघांच्या मधी सरकवलं.

"अवो, सुनेपुढं काय हे?" ती लाजली. "अन् ही चटणी तुम्ही खा. तुम्हाला आवडती."

"न्हाई आवडत. गायीला घालून राह्यलो होतो मी. तुझ्या वाटणीचं पण."

ती तोंडाला पदर लावून हसली. "गायीला? काय माणूस हाय!" मंग तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि चटणी त्याच्याकडं सरकवली.

"तुम्ही खा. तुम्हाला लई आवडती ना."

शालूनं मान फिरवली. रामकिसननं चटणी पुन्हा बायकोपुढं केली आणि गायीचं सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.