बटणांचा डबा

थोरलीचं लग्न ठरलं त्या वर्षी, एका सकाळी शिंप्याने मशीनच्या पायडलवरून पाय उचलला आणि हातातला पाण्याचा पेला भिंतीवर फेकून मारला. उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता. कापडाचा स्पर्श झाला तरी तो कळवळायचा.

क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन महिना झाला होता. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, की यातल्या एका औषधाने युरिक अ‍ॅसिड वाढतं, सांधे दुखतात. ते औषध दोनच महिने आहे, दुखण्यावर वेगळी गोळी देतो, पण आपल्या मनाने काही बंद करू नका. शिंप्याच्या आईने त्यातलं फक्त अ‍ॅसिड ऐकलं. तिने घरातली डाळ बंद केली, अंडी बंद केली आणि सुनेला सुनावलं, की नको ते खाऊ घालून माझ्या पोराचा पाय तूच घालवलास. त्याच्या बरगड्या आधीच मोजता येत होत्या. शिंपीण दातओठ खात भांडी घासत राहिली.

काही दिवसांनी सूज उतरली. मशीन पुन्हा धडधडू लागलं. डॉक्टरला जमलं नाही ते मी केलं, असं म्हातारी दारोदार सांगत सुटली. शिंपीणही मनातून सुखावली.

काज-बटणांचं काम तिचं. एका कोटासाठी तपकिरी बटणं हवी होती म्हणून तिने डबा पालथा केला. बटणांबरोबर गोळ्या सांडल्या. जिभेखाली धरून मागाहून तोंडातून काढलेल्या, रंग उडालेल्या.

तिने त्या मुठीत गोळा करून मशीनवर ठेवल्या. मशीन थांबलं.

"पाय चालला नाही तर लग्न कशावर करू?" तो म्हणाला.

"आणि लग्नात बाप म्हणून कुणाला उभं करू? या मशीनला?"

"हळू बोल. आई ऐकेल."

"ऐकू दे. डाळ शिजत घातलीय, तेही सांगा त्यांना."

त्याच पावली ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दोघांनाही फैलावर घेतलं आणि उपचार पहिल्यापासून सुरू केले. तेव्हापासून रोज सकाळी ती समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावी, जीभ उचलायला लावी आणि वर त्याच्या पायाचा अंगठा दाबून बघे. तो तिला कैदाशीण म्हणे, नाही नाही ते बोले. तो ओरडला की गोळी पोटात जातेय म्हणून ती निवांत चुलीकडे वळे. गप्प राहिला, तर पुन्हा तोंड उघडायला लावी.

लग्नात तो लंगडत, चिडचिड करत सगळीकडे फिरला. पुढे ते औषध संपलं, दुखणं थांबलं. अंगठा दाबायची तिची सवय तेवढी सुटली नाही.

शिंपी गेला तो थोरलीच्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी, म्हातारपणाने. लोक जमायच्या आधी शिंपिणीने पांघरूण सारून त्याचा अंगठा दाबला. मग जरा जोरात दाबला.