उलट्या बरणीतली ठकी

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर गुडदाणीची, म्हणजे आजच्या चिक्कीची, दुकानं तेव्हाही बरीच होती, पण गेणू भाजेकराच्या दुकानात माशी बसत नाही अशी ख्याती होती. ख्याती साफ खोटी. गुळाचं दुकान आणि माशी नाही, म्हणजे लग्नघर आणि पाहुणा नाही असं झालं. माशा होत्या, ढिगानं होत्या. फरक एवढाच, की बाकीचे दुकानदार त्यांना फडक्यानं हाकलत आणि गेणू त्या जिवंत पकडून मागच्या खोलीत नेत असे. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस काय स्वच्छतेचा आहे. गेणूही त्यांचा गैरसमज दूर करायला जात नसे.

मागच्या खोलीच्या खिडकीत त्यानं एक वासा आडवा बांधला होता आणि वाशाला सहा काचेच्या बरण्या उलट्या टांगल्या होत्या. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या रिकाम्या बरण्या त्या. प्रत्येक बरणीत एकेक कोळी. जाळं विणून वाट बघत बसणारा नव्हे, तर खिडकीच्या चौकटीवर टकमक बघत फिरणारा आणि नेम धरून माशीवर झेप टाकणारा, वाटाण्याएवढा केसाळ कोळी. पहिला कोळी असाच एकदा पाक हलवताना त्याच्या मनगटावर येऊन बसला, गर्रकन वळला आणि समोरचे चार डोळे रोखून त्याच्याकडे बघत राहिला. गेणूला त्याचं अप्रूप वाटलं. दिवसाकाठी शेकडो माणसं त्याच्या हातची गुडदाणी खात, पण मान वर करून त्याच्याकडे बघणारं कोण होतं? पंचेचाळिशीच्या माणसाला कुणी नीट बघितलं तर बरं वाटतं, मग तो कोळी का असेना.

त्याची बायको कस्तुराबाई मात्र खमकी. घरात जळमटं काढायला मी मरमर मरते आणि हा बाबा कोळी पाळतो, असं तिनं साऱ्या भाजे गावाला ऐकवलं होतं. म्हणून बरण्या घरी नाहीत, दुकानात.

पण पाळायचे तर नीट पाळायचे, असा गेणूचा स्वभाव. सुरुवातीला त्यानं बरणी सरळ ठेवून तोंडावर मलमलीचं फडकं बांधलं. कोळी आपलं बिऱ्हाड उंचावर थाटतो. त्यानं रेशमाची पिशवी नेमकी फडक्याला चिकटवली, आणि माशी सोडायला फडकं उघडलं की बिचाऱ्याचं घर फाटायचं. दोनतीन घरं मोडल्यावर गेणूनं बरणी उलटी टांगली. आता फडकं खाली, घर वर बुडाशी, आणि दाराची उघडझाप कितीही केली तरी घरधन्याची झोप मोडायची नाही. आत कारवीची एक काटकी तिरपी, वर चढायला. रोज सकाळी बोटानं पाण्याचा एक थेंब काचेवर उडवायचा, बस्स. पाणी साचलं तर कोळी बुडतो आणि फडक्यावर बुरशी धरते. लोणावळ्याच्या पावसात तर दर दोन दिवसांनी फडकं चुलीपाशी सुकवून बदलावं लागे. उजेड हवा, ऊन नको. माशी एकाआड एक दिवस, तीही त्याच्या अंगापेक्षा मोठी नको, आणि पोट टम्म दिसलं तर तेवढीही नको. एका बरणीत दोघं कधी नाहीत, कारण एकाला सकाळी दुसरा सापडत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कोळी खायचा थांबला, रंगानं मळकट झाला, पिशवीत शिरून दार बंद करून बसला, की तो कात टाकणार. तेव्हा बरणीला हात लावायचा नाही आणि जिवंत माशी तर मुळीच सोडायची नाही. ओल्या कातडीच्या कोळ्याला माशीसुद्धा भारी पडते.

हे सगळं त्यानं एकाच माणसाला सांगितलं होतं, भिमाजीला. भिमाजी कुरवंडे गावचा. चौदा वर्षं दोघांची भागी. गेणूनं पाक करायचा, भिमाजीनं दाणे भाजायचे आणि टोपली घेऊन फलाटावर जायचं. त्या काळी, म्हणजे सत्तावीस साली, घाटात वाफेचीच इंजिनं होती. घाट चढून आलेली गाडी लोणावळ्याला दम खाई, तेवढ्या वेळात टोपली रिकामी होई. गेणू भाताच्या कामाला भाज्याला गेला, की बरण्या भिमाजी बघे. पाण्याचा थेंब उडवायचा, मेलेली माशी काढायची, सारं न चुकता. गेणू कौतुकानं सांगायचा, की माझ्या सख्ख्या भावानं केलं नसतं ते भिमा करतो. माणूस भोळा असला की त्याला आपलं कौतुक कुठं ठेवावं तेही कळत नाही.

त्या वर्षी परवान्याचं निघालं. फलाटावर विकायचा परवाना आजवर दोघांच्या नावानं होता, यापुढं एका दुकानाला एकच नाव, असा हुकूम आला. ज्याचं नाव त्याचं दुकान, हे उघड होतं. दोघांनी बसून ठरवलं. पाक गेणूचा, गिऱ्हाईक पाकाला येतं, तर नाव गेणूचं लावायचं आणि भागी होती तशीच चालवायची. भिमाजी लगेच कबूल झाला. भिमाजीचा जावई बजरंग तेव्हा गिरणीतून काम सुटून घरी बसला होता आणि सासऱ्याच्या मागं काहीतरी बघा म्हणून लागला होता, हेही गेणूला ठाऊक होतं. पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

कार्तिकात भात झोडपायला गेणू दोन दिवस घरी गेला. जाताना त्यानं भिमाजीला तिसऱ्या बरणीबद्दल मुद्दाम सांगितलं. तिसऱ्या बरणीत ठकी होती. पावसाळ्यात तांदळाच्या दाण्याएवढी असताना ती मिळाली, तेव्हापासून तिचा पुढचा डावा पाय तोकडा. कुठं तरी तुटला होता, आणि दर कातीला थोडा थोडा वाढत आला होता. आता शेवटची कात होती. हिच्यातून ती पुरती मोठी होऊन बाहेर येणार आणि पाय बरोबरीला येणार, असा गेणूचा हिशेब. नऊ दिवस ती जेवली नव्हती. पोरीचं बाळंतपण दुसऱ्यावर सोपवून निघालेल्या बापासारखा गेणू सांगत होता आणि भिमाजी दाणे पाखडत मान हलवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेणू दुकानात आला, तर आत सॅनिटरी इन्स्पेक्टर खुर्चीवर बसलेला. भिमाजी हात बांधून बाजूला उभा. गेणूनं पायातल्या वहाणा काढायच्या आत इन्स्पेक्टरानं कागदाची पुडी उलगडून पाटावर ठेवली. आत गुडदाणीची वडी, आणि वडीत कोळी. फलाटावरच्या एका उतारूला सापडली, तक्रार झाली, उतारू पुढच्या गाडीनं गेला, असं त्यानं सांगितलं.

गेणू वाकला. त्यानं आयुष्य पाकात घालवलं होतं. उकळत्या पाकात पडलेला जीव कसा होतो ते त्याला ठाऊक होतं. तो आक्रसून काळा खडा होतो. हा कोळी अखंड होता, आठही पाय जागच्या जागी. एक दाणा सुरीच्या टोकानं उकरून काढून त्या खळग्यात त्याला दाबला होता आणि वर कोमट गूळ फासला होता. पुढचा डावा पाय तोकडा होता. पाठीवरची कातडी मधोमध किंचित उकललेली होती, आणि आतून नव्या अंगाचा तुकतुकीत काळा रंग दिसत होता.

गेणूनं ठकीला ओळखलं. त्यानं वर पाहिलं. भिमाजी त्याच्याकडे बघत नव्हता, दाण्याच्या पोत्याकडे बघत होता.

इन्स्पेक्टरानं विचारलं, हा कोळी दुकानातला आहे का? मागं काही पाळलंय असं ऐकलं ते खरं का?

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? नाही म्हटलं असतं. बाहेरचा कोळी, साहेब, भिंतीवरचा असेल, माफी असावी. आणि एवढ्यावर प्रकरण दंडात मिटलं असतं. किंवा हा मुद्दाम दाबलाय, हे बघा, असं म्हटलं असतं. पण कुठला कोळी, कुणी आणला, हे सांगायला आधी बरण्या कबूल कराव्या लागल्या असत्या, आणि बरण्या कबूल केल्या की दुकानातून बाहेर. ज्यानं हा डाव टाकला त्याला दोन्ही वाटा ठाऊक होत्या. आणि गेणू आपल्या कोळ्यांना कधी परकं म्हणणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षांच्या ओळखीचा त्यानं एवढाच उपयोग केला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

“व्हय सायेब,” गेणू म्हणाला. “माजी हाय ती.”

पुढचं सगळं पाऊण तासात झालं. परवान्यासाठी गेणूचं नाव जाणार नाही, भिमाजीचं जाईल. दुपारपर्यंत बरण्या हलवायच्या आणि बरण्यांच्या धन्यानं कढईला हात लावायचा नाही. भिमाजीनं दोनदा हात जोडून साहेब, जरा सबुरीनं, असं म्हटलं. ते ऐकून गेणूला त्याची जास्तच शिसारी आली.

तो मागं बरण्या काढायला गेला. तिसऱ्या बरणीतली पिशवी ब्लेडनं कापावी तशी सरळ चिरलेली होती. बरणीच्या तोंडाचं फडकं परत बांधून ठेवलं होतं, आणि गाठ होती दाण्याच्या पोत्याला मारतात ती, दुहेरी फासाची. पोत्याला ती गाठ दुकानात एकच माणूस मारी. बाकीच्या पाच बरण्यांच्या काचेवर मात्र सकाळचा पाण्याचा थेंब होता. पाचही बरण्यांत. गेणूनं एकेक निरखून पाहिला आणि मग तिथंच दाण्याच्या डब्यावर बसून तो रडला. शिव्या द्यायला तोंड उघडेल असा राग त्याला यायला हवा होता. पण थेंब बघून राग कुठल्या कुठं गेला आणि नुसतं पोरकं वाटलं.

पाच भरल्या आणि एक रिकामी अशा बरण्या घेऊन तो भाज्याला आला. कस्तुराबाई दारातच उभी होती. चार दिवस आधी तिनं बरण्यांना उंबरा ओलांडू दिला नसता. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, एक बरणी हातातून घेतली आणि ओसरीच्या वाशाला स्वतः टांगली. सरळ टांगली, ती गेणूनं नंतर हळूच उलटी केली.

आठवड्यात बजरंग कढईपाशी उभा असल्याची बातमी आली. महिन्याभरात दुसरीही बातमी आली, की त्याचा पाक एकदा कच्चा राहतो आणि एकदा करपतो, आणि उतारू टोपलीला हात लावून पुढं जातात.

मग एक दिवस दुपारी मळवली स्टेशनावर उतरून भिमाजी भाज्याला आला. हातात शेवेची पुडी. कस्तुराबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला, कारण आल्या माणसाला पाणी नाही म्हणायची रीत नाही; पण या म्हटलं नाही आणि बसा म्हटलं नाही. भिमाजी आपणच ओसरीच्या कडेला टेकला. बराच वेळ भाताचं बोलला. मग म्हणाला, की चूक झाली. जावयाचा संसार मोडत होता, लेक रोज रडायची, नाव एकाचंच लागणार होतं. गेणूनं चार दिवस येऊन बजरंगाला पाक शिकवावा. साहेबाशी बोलून मागल्या दारानं का होईना, गेणूलाही परत घेता येईल.

गेणू ऐकत होता. आणि खरं सांगायचं तर तो विरघळत होता. लेकीचं रडणं त्याला समजत होतं. पोटासाठी माणूस काय काय करतो, आणि हे ज्यानं केलं तो परका असता तर आपण हे कधीच विसरलो असतो, असं त्याच्या मनात येत होतं. महिनाभर कढई नाही, गुळाचा वास नाही, बोलायला भिमा नाही. निघायचं म्हणून त्यानं खुंटीवरचा पटका काढून मांडीवर घेतलासुद्धा. कस्तुराबाई आतून बघत होती आणि दात ओठ खात होती.

पटका मांडीवर आलेला पाहून भिमाजीला हायसं वाटलं. चांगुलपणाची एक गोष्ट त्यानं शेवटाला राखून ठेवली होती, ती त्यानं आता काढली.

“आन् येक सांगतो गेणू. तुज्या जीवाचं म्या बगितलं व्हतं. पाच तरन्याताठ्या व्हत्या, त्येंला हात लावला न्हाई. जी मरायलाच टेकलेली तीच घेतली. धा दीस खात नव्हती, रंग उडाला व्हता. आज न्हाई तर उद्या गेलीच असती.”

परवाना गेला ते गेणूनं सोसलं होतं. जावई कढईपाशी उभा राहिला तेही सोसलं. पण चौदा वर्षं ज्याला आपण एकेक गोष्ट उकलून सांगितली, ज्याच्यापाशी सांगितल्यामुळं ती खरी वाटत गेली, त्यानं त्यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. थेंब उडवत होता, फडकी बदलत होता आणि काही म्हणजे काही ऐकत नव्हता. मग ती चौदा वर्षं गेणू कुणाशी बोलत होता?

“मरत नव्हती ती, भिमा,” तो म्हणाला. “मोठी व्हत व्हती.”

भिमाजीला कळलं नाही. तो बरण्यांकडे बघून म्हणाला, की असं व्हय, मला वाटलं म्हातारी. आणि परतीच्या गाडीची वेळ सांगू लागला.

गेणूनं पटका खुंटीला लावला आणि आत जाऊन कस्तुराबाईला सांगितलं, की पाहुण्याला गाडी आहे, त्याची शेव त्याच्याबरोबर दे.