आरशातून शिकलेले टाके

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ताई गेल्यावर तिची पोर सांभाळायला मी बॅग घेऊन आले, तेव्हा भावजींचा चेहरा काही फार खुलला नाही.

"सत्र संपेपर्यंत बघू," ते म्हणाले. "खारू तुझ्याजवळ रुळली तर ठीक. नाहीतर वसतिगृहात ठेवतो."

खारू म्हणजे माझी आठ वर्षांची भाची. खारीसारखी तुरुतुरु पळायची, म्हणून ताईनेच हे नाव पाडलं होतं. आता ती फक्त मला बघून पळायची. चार महिने झाले तरी वेणी घालायला डोक्याला हात लावू देत नव्हती. मला मात्र ती हवी होती. ताईचं म्हणावं असं दुसरं काय उरलं होतं?

ताईने तिच्यासाठी उशीचा अभ्रा भरायला घेतला होता. जाळीच्या कापडावर लोकरीने भरलेलं बदक. चोच, मान आणि पाठ झाली होती. पोट आणि पाय रिकामे होते. ते पुरं करायचं मी ठरवलं. मला धड बटण लावता येत नाही, पण हौसेला काय तोटा.

कपाटात ताईचं टाक्यांचं जाडजूड पुस्तक सापडलं. सुई बोथट का घ्यायची, लोकर हातभरच का कापायची, सगळं त्यात होतं. सुरुवातीची गाठ कापडाच्या वरच्या अंगाला मारायची आणि टाके तिच्यापर्यंत पोचले की कापून टाकायची, असंही होतं. मी ती आधीच कापली. दोन ओळी उसवल्या, आणि मी पुस्तकाला चार शिव्या घातल्या. चूक कुणाची, हा प्रश्न वेगळा.

आठवड्याभरात पोटाचा थोडा भाग भरला. लोकर तीच, पांढरा रंग तोच, तरी माझा भाग मळकट दिसत होता. खारूने दारातूनच पाहिलं.

"हे आईचं नाहीये," ती म्हणाली आणि गेली.

भिंग घेऊन बसले तेव्हा कळलं. पुस्तकातले सगळे टाके उजवीकडे कलतात. माझेही कलत होते. ताईचे एकूण एक डावीकडे. त्यामुळे उजेड वेगळा पडत होता.

"ती डावखुरी ना," भावजी म्हणाले. "पुस्तकातली चित्रं उजव्या हाताची. मग ही बया पुस्तक आरशासमोर उभं करायची आणि आरशात बघून शिकायची. अगं, पान उलटं धर, तिथेच लिहिलंय, असं शंभरदा सांगितलं. ऐकेल तर शपथ."

आमच्या घरात हट्ट सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे. मी माझे टाके उसवले, ताईच्या आरशासमोर पुस्तक उभं केलं आणि समोर बसले. उजव्या हाताला काही उमगेना. शेवटी सुई डाव्या हातात घेतली.

डाव्या हाताने मी कधी चमचासुद्धा धरला नव्हता. पण टाके ताईसारखे डावीकडे कलायला लागले. पहिल्या दिवशी मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलेलं असताना, माझं लक्ष आरशातल्या सुईकडे गेलं. माझी सुई कापडाखाली होती आणि आरशातली वर आली होती. मी थांबले. आरशातल्या बाईने तो टाका शांतपणे पुरा केला, लोकर ओढून घेतली आणि मग थांबली. तिच्या मांडीवरचं काम माझ्यापेक्षा एका टाक्याने पुढे होतं.

उठून आरशावर चादर टाकावी, असं वाटलं. तेवढ्यात खारू आत आली. आली ती पळाली नाही. माझ्या मागे उभी राहिली आणि खांद्यावर हनुवटी टेकवून आरशात बघू लागली.

"पाय नारिंगी कर हं," ती म्हणाली.

मी चादर टाकली नाही. रोज दुपारी तिथेच बसू लागले. खारू रोज यायची, शाळेतलं सांगायची, वेणी घालून घ्यायची. बघायची मात्र आरशातच. मी वळून काही विचारलं तर उत्तर द्यायची नाही. आरशाकडे तोंड करून विचारलं की भडाभडा बोलायची. मला राग यायला हवा होता, तोही येईनासा झाला. रागीट मी होते. ताई कधी रागावत नसे.

सत्र संपलं त्या दिवशी भावजी वसतिगृहाचा फॉर्म घेऊन खोलीच्या दारात आले. बदकाचा एक पाय तेवढा राहिला होता.

"खारू, खरं सांग," ते म्हणाले. "इथे मावशीजवळ राहायचंय का?"

खारूने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"कोण मावशी?" तिने विचारलं.

भावजींनी आरशात पाहिलं, आणि बराच वेळ त्यांना नजर काढता आली नाही. मग त्यांनी फॉर्मचे चार तुकडे केले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"अगं, मी आहे की," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते ऐकून पोर पळाली असती. मी तोंड मिटलं आणि पुढचा टाका घातला.