शेवटची अकरा पानं

"सर, पण पुस्तकात तसं न्हाई."

बावीस वर्षं झाली, तरी गावंडे सरांच्या कानातून हा आवाज गेला नव्हता. आवाज मोठा नव्हताच. शेवटच्या बाकावरून आला होता, अदबीनं, पदर सावरत यावा तसा. तेव्हा पौड रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानावर, पत्र्याखाली, सरांचा क्लास भरे. बी.ए.ला व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी नेमलेली होती, आणि ती वाचायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून सरांनी लिहिलेलं गाइड होतं. वर्गात साठ पोरं. त्यांतल्या एकोणसाठांनी गाइड वाचलं. शिवण्याहून बसनं येणाऱ्या मैना दांगटनं कादंबरीही वाचली.

सर फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले होते, "मैनाबाईंनी लंडनहून वेगळी प्रत मागवलेली दिसते."

वर्ग हसला. मैना खाली बसली. परीक्षेत तिनं गाइडमधलंच उत्तर लिहिलं आणि दहापैकी आठ मिळवले.

आता खरी गोष्ट अशी, की सरांनी ते गाइड लिहायला घेतलं तेव्हा प्रकाशकानं पंधरा दिवसांची मुदत दिली होती, आणि ग्रंथालयातून मिळालेल्या एकुलत्या एक प्रतीची शेवटची अकरा पानं गायब होती. कादंबरीत एक घड्याळजी, त्याची मुलगी मार्था आणि मुलगा राल्फ. बाप मेल्यावर राल्फ बहिणीला गोड बोलून दुकानातून आणि घरातून बाहेर काढतो. सहाशे पानं ती परक्यांची धुणी धुते. मग भाऊ मरणाला टेकल्याचा निरोप येतो, बर्फ पडत असतो, ती निघते, आणि इथे पानं संपतात.

पुढे काय झालं असेल याचा सरांना फार विचार करावा लागला नाही. वाशीमकडच्या खेड्यात त्यांची आई जात्यावर बसली, की पहिली मूठ देवाची आणि पुढच्या सगळ्या भावाच्या. तिची एक ओवी तर सरांच्या अंगात पिठासारखी मुरली होती :

भावाचा अपराध, पदरात घेते बाई
खणाच्या चोळीपुढं, दुसरं मागणं न्हाई

झालं. मार्था भावाच्या उशाशी बसली, तिनं त्याचा हात हातात घेतला, "सगळं माफ केलं" म्हणाली, आणि राल्फनं समाधानानं डोळे मिटले. खाली सरांनी ठळक अक्षरांत ओळ घातली, क्षमा हेच स्त्रीचं मोठेपण. दहा गुणांचा प्रश्न. इंग्लंडातल्या बाईच्या तोंडी वाशीमची ओवी बसली, आणि कुण्या परीक्षकाला ती खटकली नाही, कारण परीक्षकही गाइडवरूनच तपासत.

मैनानं शंका काढली त्या आठवड्यातच सरांनी जुन्या बाजारातून पूर्ण प्रत आणली आणि ती अकरा पानं वाचली. मार्था भावाच्या दारापर्यंत येते. आतला खोकला ऐकते. रश्श्याचं भांडं पायरीवर ठेवते आणि परत फिरते. एवढंच. हात नाही, क्षमा नाही. गाइडची चौथी आवृत्ती छापखान्यात होती. सरांनी प्रत घरच्या कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि बायकोला, सुशीलाबाईंना, सांगितलं, की तिथली धूळ झटकू नकोस.

एवढ्यावर भागलं असतं. पण वर्षभरानं मैना क्लासवर पेढे घेऊन आली. लग्न ठरलं होतं, बिबवेवाडीला. जाताजाता तिनं हेही सांगितलं, की तिच्या मच्छिंद्रदादानं जमिनीच्या हक्कसोडीचा कागद पुढे केला होता, सोबत साडीचोळी. नदीकडेची जमीन, तीवर आज सतरा मजले उभे आहेत. दोन रात्री तिला झोप आली नव्हती. मग तिनं सही केली. "तुमच्या मार्थावानी केलं, सर," ती हसून म्हणाली होती, "माफ करून टाकलं."

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि छान केलंस म्हणाले.

अशा सरांना यंदा कोथरूडच्या एका सोसायटीच्या वाचक मंडळानं प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. विषय तीच कादंबरी. रविवारी सकाळी दहाला क्लबहाउसात तीस खुर्च्या, तीस कोऱ्या प्रती आणि मागच्या टेबलावर चहाचा थर्मास. मंडळाच्या अध्यक्ष सत्यशीलाबाई पानसे निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि अजून कुणी उशिरा आलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. त्यांनी आरंभीच सांगितलं, की इथे प्रत्येकानं स्वतःचं मत मांडायचं, ऐकीव नको.

मग मतं सुरू झाली. एका आजोबांना मार्थात सोशिकपणाचा कळस दिसला. त्यांच्या सौभाग्यवतींना शेवटचा क्षमेचा प्रसंग वाचताना हुंदका आवरला नव्हता, आणि त्यांच्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. पुष्कर हा सरांचा जुना विद्यार्थी, आता कंपनीत मॅनेजर. तो म्हणाला की ब्रदर-सिस्टरचा तो क्लोजर सीन त्याला आजही हिट होतो. कॉलेजात असताना त्यानं सरांच्या गाइडचा सारांश इंटरनेटवर चढवला होता. त्यामुळे ज्यांनी गाइड वाचलं नव्हतं त्यांनी मोबाइलला विचारलं, आणि मोबाइलनंही सरांचंच सांगितलं. सर मान डोलवत ऐकत होते. तीस माणसांची तीस स्वतंत्र मतं, आणि प्रत्येकातून त्यांचंच जातं घरघरत होतं.

"मी बोलू का?"

मागच्या रांगेत चाळिशी ओलांडलेली बाई उभी राहिली. बिबवेवाडीत आमची डेअरी आहे, फलकावर सरांचं नाव वाचलं म्हणून आले, म्हणाली. तिच्या हातातल्या प्रतीला दुधाचे डाग होते आणि पाठ मोडलेली होती. सरांनी तिला आवाजावरून ओळखलं, चेहऱ्यावरून नंतर.

मैना म्हणाली, की तिनं कादंबरी दुकानात बसून परत वाचली, शेवट तीनदा वाचला, आणि त्यात मार्था आत जातच नाही.

सभेत थोडी चुळबुळ झाली. आजोबांनी सुचवलं, की ती संक्षिप्त आवृत्ती असावी. पुष्करनं मोबाइल वर करून दाखवला. सत्यशीलाबाईंनी चष्मा काढला. "ताई, दूध नासलं तर आम्ही तुम्हाला विचारू. साहित्यात थोडं दोन ओळींच्या मधलंही वाचावं लागतं."

तीस खुर्च्या हसल्या, पौड रस्त्यावरच्या साठ पोरांसारख्याच.

मैना चिडली नाही. तिनं फक्त सरांकडे पाहिलं. सरांच्या मांडीवर शाल होती, हातात नारळ. सत्तरी उलटलेल्या माणसाला यापुढे नाव कमवायचं नसतं, आहे ते सांभाळायचं असतं. नुसतं 'प्रत्येकाची प्रत वेगळी' एवढं म्हटलं असतं तरी टाळ्या पडून चहा झाला असता. वाक्य जिभेवर तयारही होतं. सत्यशीलाबाईंनी समारोपाची विनंती केली. सरांनी नारळ खाली ठेवला आणि ते उभे राहिले.

"मैना म्हणते ते बरोबर आहे. तो प्रसंग पुस्तकात नाही. तो मी लिहिला. माझ्या प्रतीत शेवटची पानं नव्हती."

आजोबांनी टाळी वाजवली आणि मागोमाग सगळ्यांनी. किती ही नम्रता, असं कुणी म्हणालं. पुष्कर शेजारच्याला सांगू लागला, की सर सिम्बॉलिक बोलताहेत, प्रत्येक वाचक आपली शेवटची पानं आपणच लिहितो. सत्यशीलाबाईंनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. थर्मासचं झाकण उघडलं गेलं.

उभ्या आयुष्यात एकदाच खरं बोललो आणि लोकांनी त्याचंही गाइड केलं, असं सरांच्या मनात आलं. त्यांना हसू आलं. खुर्च्या सरकत होत्या. चहाच्या रांगेला वळसा घालून, एकेक खुर्ची धरत, ते मागच्या रांगेपर्यंत गेले. मैना पिशवीत पुस्तक ठेवत होती.

"बसा ना, सर," ती म्हणाली. "मी म्हणतच होते, पुस्तकात तसं नाही म्हणून."

सर बसले नाहीत.

"बाई, ती पानं मी तू विचारलंस त्याच आठवड्यात वाचली होती. नंतर वर्षानं तू पेढे घेऊन आलीस, मार्थासारखं केलं म्हणालीस. मार्था आत गेली नव्हती, हे तेव्हा मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पेढा खाल्ला."