पंख्यावरचं नाव

आई जाऊन महिना झाला नव्हता आणि गुणाकरकाका अपूर्वाला विचारत होते, पंखा छताचा हवा की भिंतीवरचा.

बालाघाटातल्या त्या कार्यालयात प्रत्येक पंख्याच्या पात्यावर कुणा ना कुणा दिवंगताचं नाव होतं, पंखा बंद असला तरच वाचता येणारं. कपाटावर, बाकांवर, पाण्याच्या टाकीवरसुद्धा नावं. अपंगांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करणाऱ्या बायकांची ही संस्था. काका तिचे सचिव. आईनं संस्थेसाठी ठेवलेल्या पैशांचा चेक घेऊन अपूर्वा आली होती.

"काका, पंखा नको. हे बायकांच्या पगारात घाला."

"पगार नव्हे गं, मानधन. आणि मानधनासाठी देणगी घेत नाही आपण. देणारा विचारतो, नाव कुठे टाकणार? आता काय मंजूच्या पाठीवर लिहू?"

स्वतःच्या विनोदावर काका मनापासून हसले.

संस्थेकडून त्यांच्या घरी येणारी मंजू दारातच होती, चिन्मयच्या व्हीलचेअरला धरून. चिन्मय अपूर्वाचा धाकटा भाऊ. हातपाय जन्मापासून ताब्यात नाहीत, जीभ मात्र तिखट. त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, हे मंजू आणि आई मिळून करायच्या. आता एकटी मंजू.

"लिहा नं काका," मंजू म्हणाली. "दुखून राह्यली तेवढी जागा सोडून लिहा."

"बघ, कशी बोलते! घरचीच आहे ना. दरवर्षी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो आम्ही हिचा."

"नारळ खाल्ला काका. शालीचं काय करू? आमच्या लांजीच्या उन्हाळ्यात पांघरू?"

अपूर्वाला हसू आलं नाही. मलाजखंडच्या खाणीवर एका ठेकेदाराच्या मेसमध्ये मंजूला जवळपास दुप्पट पगाराचं काम मिळत होतं, आणि हो-नाही आजच कळवायचं होतं.

"काका, ती चाललीय. आज काहीतरी ठरवा."

"यंदा वाढवलं तर पुढच्या वर्षी कुठून आणू?"

"पुढच्या वर्षी पंखे घेऊ नका."

"अगं, सेवेत असा हिशेब नसतो. ठेवू समितीपुढे. दिवाळीनंतर." विषय संपला अशा समाधानानं काका मागे रेलले. "मंजू बेटा, चहा टाक जरा सगळ्यांना."

मंजू जागची हलली नाही. "चहा मानधनात येते का सेवेत?"

चिन्मय खदखदून हसला. काकांना यात हसण्यासारखं काय ते कळेना. आई असती तर काय म्हणाली असती? तीही याच समितीत होती. अपूर्वाला खात्री वाटेना.

तिनं चेक पर्समध्ये ठेवला.

"अगं, तुझ्या आईच्या, अहिल्यावहिनींच्या नावाचं काय?" काका अर्धे उठले.

"राहू द्या."

बाहेर पडवीत ती म्हणाली, "मंजू, वरचे पैसे मी देते. थांब."

"तुमी द्याल ताई. मंग पुण्याले वापस जाल, एखांद्या महिन्यात इसराल, आन् मी फोन करून मागत बसू? मले एक तारखेचा पगार पाह्यजे. मागावा न लागणारा."

मंजूनं तिथंच फोन लावला. "हाँ भैया, मंजू बोल रही हूँ. एक तारीख से आती हूँ."

"राहायला खोली देणार का, विचार," अपूर्वा म्हणाली. "आणि सुट्टी किती ते पण."

मंजूनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दोन्ही विचारलं.

पुढे तीन पायऱ्या होत्या. मंजूचे हात सवयीनं खुर्चीकडे गेले.

"नको. मला शिकव."

"उलटी फिरवा पह्यले. तुमची पाठ रस्त्याकडं. आता मागचं चाक उतरवा. हळू! पोतं नोहे ते, भाऊ हाये तुमचा."

पहिल्याच पायरीवर खुर्ची दाणकन आदळली. अपूर्वानं घाबरून पाहिलं. चिन्मयनं ओठ जुळवले, श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आई... पण... अशीच... आपटायची."

अपूर्वाला खुर्ची सोडून डोळे पुसता येईनात.

"धरून ठेवा ताई," मंजू म्हणाली. "दोन राह्यल्या."